भयाचे औषध : चांद्याच्या अरण्यातून एक इतिहास

औषधांचा इतिहास लिहिणारे ग्रंथकार बहुधा देवी, पटकी, प्लेग आणि हिवताप ह्यांचाच इतिहास लिहितात. ते स्वाभाविकही आहे. ज्या रोगाने गावेच्या गावे ओस पडली त्याची नोंद सरकारी दप्तरात राहते व लोकांच्या स्मरणातही राहते. परंतु ज्या रोगात घरातले एखादे माणूस चालते-बोलते असूनही रात्रंदिवस धास्तावलेले असते, त्याची नोंद कोणी ठेवीत नाही. अशा धास्तीवर मनुष्याने आजवर कोणकोणती औषधे योजिली, त्यांतली कोणती टिकली, कोणती फसली आणि कोणती उलटली, हा इतिहास मात्र मनोरंजक आहे व उपयोगाचाही आहे. आणि त्याच्या एका महत्त्वाच्या प्रकरणाचा उगम युरोप-अमेरिकेच्या प्रयोगशाळांत नसून आपल्या देशाच्या अरण्यांत आहे, हे पुष्कळ वाचकांस ठाऊक नसते.

चंद्रपूर आणि गडचिरोली हे आज दोन जिल्हे आहेत. १९८२ सालापर्यंत हा एकच जिल्हा होता व जुने लोक त्यास चांदा जिल्हाच म्हणत. वैनगंगा, प्राणहिता आणि इंद्रावती ह्या नद्यांच्या काठचा हा प्रदेश महाराष्ट्रातील सर्वांत दाट वनांचा. मध्य भारताच्या अशा पानगळीच्या ओलसर वनांत, मोठ्या वृक्षांच्या सावलीला, हात-दीड हात उंचीचे एक झुडूप उगवते. पांढरट-गुलाबी फुलांचे झुबके, तांबूस देठ, पिकल्यावर काळी होणारी लहान फळे आणि चवीला अतिशय कडू असे मूळ, ही त्याची ओळख. हीच सर्पगंधा. ह्या मुळाचा प्रवास आणि त्या प्रवासातून आजच्या औषधांपर्यंत आलेली वाट सांगावी, आणि शेवटी ती औषधे ह्याच अरण्यातील रोग्यापर्यंत कितपत पोहोचली ते पाहावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम भय आणि भयाचा विकार ह्यांतील भेद स्पष्ट केला पाहिजे. चैत्रात पहाटे मोहाची फुले वेचण्यासाठी किंवा उन्हाळ्यात तेंदूपाने तोडण्यासाठी जंगलात शिरणाऱ्या बाईस वाघाचे भय वाटते. ताडोबाच्या आसपासच्या आणि ब्रह्मपुरीकडच्या गावांत हे भय खरे आहे व ते शहाणपणाचेही आहे, कारण त्यानेच पाऊल जपून पडते. परंतु हंगाम सरल्यावर, घरात, दार लावून बसल्यावरही जर छाती धडधडत राहिली, हातपाय थरथरू लागले, घशाशी आवंढा अडकला, झोप उडाली, कारण नसताना आता प्राण जाणार असे वाटू लागले आणि असे महिनोमहिने चालून कामधंदा सुटला, तर ते भय राहिले नाही, तो विकार झाला. वैद्यकात त्यास चिंताविकार म्हणतात. त्याचे प्रकारही अनेक आहेत. कोणास सदासर्वकाळ सगळ्याच गोष्टींची काळजी लागते. कोणास एकाएकी भयाचा झटका येतो. कोणास चारचौघांत उभे राहण्याची धास्ती वाटते. कोणास एखाद्या विशिष्ट वस्तूचे वा स्थळाचे अनावर भय असते.

हा विकार दुर्मिळ आहे असा समज असेल तर तो सोडून द्यावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाप्रमाणे २०१९ साली जगात ३० कोटी १० लाख लोकांस चिंताविकार होता. मनाच्या सर्व विकारांत हाच सर्वांत अधिक आढळणारा. आपल्या देशात २०१५-१६ साली बारा राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण झाले. त्यांत महाराष्ट्र नव्हता. पण गडचिरोलीस लागून असलेला छत्तीसगड होता. चिंता आणि औदासीन्य ह्यांसारख्या सामान्य विकारांनी ग्रासलेल्या शंभरांपैकी सुमारे ८५ जणांस काहीच उपचार मिळत नव्हता, असे त्या सर्वेक्षणात आढळून आले.

मग ह्या लोकांनी आजवर केले तरी काय? आपल्या प्राचीन वैद्यकास हा विकार अपरिचित नव्हता. चरकाने मानसिक विकारांची जी गणना केली तीत चित्तोद्वेग आणि भय ही दोन्ही नावे येतात. आणि उपचारांचे त्याने जे तीन वर्ग पाडले, त्यांत दैवव्यपाश्रय म्हणजे मंत्र-होमादी, युक्तिव्यपाश्रय म्हणजे आहार-औषधी, आणि सत्त्वावजय म्हणजे मनास अहितापासून आवरणे, अशी विभागणी आहे. अरण्यातील माडिया आणि गोंड ह्यांच्या गावांत चरकाचा ग्रंथ नव्हता. परंतु तेथेही पुजारी होता, कंदमुळे ओळखणारा वैदू होता आणि रात्री सर्वांनी मिळून बसण्याची रीत होती. पुजाऱ्याच्या विधीस हसणे सोपे आहे. तथापि भेदरलेल्या माणसाभोवती सारे गाव जमते, त्याच्या भयास एक नाव मिळते, ते घालविण्याचा उपाय सर्वांसमक्ष होतो, ह्यांत धीर देण्याची शक्ती आहे हे मान्य करावयास हवे. त्याचबरोबर हेही म्हटले पाहिजे की ह्याच विश्वासाच्या पोटी कोणा दुर्बळ स्त्रीवर चेटकिणीचा आळ येतो, आणि मग एकाच्या भयाची किंमत दुसऱ्यास द्यावी लागते.

ह्यांखेरीज भयावरचा आणखी एक उपाय ह्या वनांत फार जुना आहे. तो म्हणजे मोहाची दारू. मोहाचे झाड येथे अन्नदाते आहे, त्याचे फूल पूजेत आहे, लग्नात आहे, मृताच्या संस्कारातही आहे. तेव्हा त्याची निंदा करण्याचे प्रयोजन नाही. परंतु मद्य हे चिंतेवरचे औषध म्हणून घेतले जाते तेव्हा काय होते हे समजून घेतले पाहिजे. मेंदूत उत्तेजना आवरून धरणारे गॅबा नावाचे एक द्रव्य असते. मद्य त्याचा प्रभाव वाढविते, म्हणून घटकाभर धास्ती निवते. नशा उतरली की मेंदू उलट दिशेने उसळतो. सकाळी छाती अधिक धडधडते, हात अधिक कापतात आणि कालच्यापेक्षा थोडी अधिक घ्यावीशी वाटते. गडचिरोलीत लोकांच्या चळवळीतून १९९३ साली दारूबंदी झाली. चंद्रपुरात ती २०१५ साली आली आणि २०२१ साली उठली. ह्या बंदीच्या यशापयशावर पुष्कळ वाद झाला. त्या वादात एक प्रश्न क्वचितच विचारला गेला: पिणाऱ्यांपैकी किती जण मौजेसाठी पीत होते आणि किती जण नुसती रात्र निभावण्यासाठी?

आता सर्पगंधेकडे वळू. सर्पदंशावर, तापावर आणि अनिद्रेवर हिच्या मुळाचा उपयोग देशात पूर्वापार होत आला होता. बिहारकडे तर तिला ‘पागल की दवा’ असेच म्हणत. युरोपीय वनस्पतिशास्त्रज्ञांनी हिच्या कुळास राउवोल्फिया हे नाव दिले, ते सोळाव्या शतकातील लिओनार्ड राउवोल्फ ह्या जर्मन वैद्याच्या स्मरणार्थ. हा गृहस्थ पश्चिम आशियात फिरला होता, पण भारतात कधी आला नाही. नाव असे परक्याचे पडले, तरी तिचे गुण प्रथम शास्त्रीय रीतीने तपासले ते आपल्याच लोकांनी. १९३१ साली दिल्लीत सलीमुझ्झमान सिद्दिकी आणि रफत हुसेन सिद्दिकी ह्यांनी मुळातून काही अल्कलॉइडे वेगळी केली व त्यांतील एकास हकीम अजमल खान ह्यांच्या नावावरून अजमलीन असे नाव दिले. त्याच वर्षी कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस ह्यांनी उन्माद आणि रक्तदाब ह्यांवर ह्या मुळाचा गुण येतो असे प्रसिद्ध केले. १९३३ साली कलकत्त्याच्याच रामनाथ चोप्रा आणि त्यांचे सहकारी ह्यांनी त्यास दुजोरा दिला. १९३४ पासून हिमालया ड्रग कंपनीच्या ‘सर्पिना’ नावाच्या गोळ्या बाजारात मिळू लागल्या.

एवढे होऊनही पाश्चात्त्य जगाचे लक्ष ह्या मुळाकडे गेले ते मुंबईच्या एका डॉक्टरामुळे. डॉ. रुस्तम जाल वकील हे हृद्रोगतज्ज्ञ. त्यांनी रक्तदाबाच्या पन्नास रोग्यांवर सर्पगंधेचा प्रयोग करून त्याची हकीकत १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापली. स्वित्झर्लंडमधील बाझल येथे सिबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी १९५२ साली मुळातून रेसर्पीन हे मुख्य द्रव्य शुद्ध स्वरूपात काढले. १९५४ साली न्यूयॉर्क राज्यातील मनोरुग्णालयात नेथन क्लाईन ह्यांनी त्याचा उन्मादाच्या रोग्यांवर उपयोग केला. वकील ह्यांस १९५७ साली अमेरिकेचे लॅस्कर पारितोषिक मिळाले.

परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने ह्या सर्वांहून महत्त्वाची घटना १९५५ साली लंडनला घडली, आणि तीच नेमकी विसरली गेली. मॉड्सले रुग्णालयातील डेव्हिस आणि शेफर्ड ह्या दोघा डॉक्टरांनी चिंता आणि औदासीन्य असलेले पन्नासांवर रोगी निवडले. काहींस रेसर्पीन व काहींस हुबेहूब तशीच निर्द्रव्य गोळी दिली. कोणास काय द्यावयाचे ते चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दैवावर सोपविले. अशी निरपेक्ष कसोटी मनोवैद्यकात तोवर फारशी कोणी लावली नव्हती. रेसर्पीन घेणाऱ्यांस अधिक गुण आला, असा तिचा निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणजे चिंतेवरील औषधाची जी अगदी आरंभीची काटेकोर परीक्षा झाली, ती आपल्या अरण्यातील मुळाच्या सत्त्वाची होती.

ह्यापुढे रेसर्पीनची भरभराट व्हावयास हवी होती, झाले उलटेच. रक्तदाबासाठी हे औषध मोठ्या मात्रेत घेणाऱ्या काही रोग्यांस औदासीन्य आले, क्वचित कोणी जीव दिला, अशा हकीकती छापून येऊ लागल्या. त्याच सुमारास अमेरिकेत बर्नार्ड ब्रोडी आणि सहकारी ह्यांनी दाखविले की रेसर्पीनने सेरोटोनिन नावाचे द्रव्य मेंदूतून रिते होते. स्वीडनचे आर्व्हिड कार्लसन ह्यांनी अशाच प्रयोगांतून डोपामीन ह्या दुसऱ्या द्रव्याचे महत्त्व ओळखले. त्यासाठी त्यांना २००० साली नोबेल पारितोषिक मिळाले. दोन्ही गोष्टी एकत्र जोडून असा तर्क केला गेला की ज्या अर्थी ही द्रव्ये आटल्याने मन खचते, त्या अर्थी ती वाढविल्याने मन सावरेल. पुढील काळातील संशोधकांनी जुन्या हकीकती पुन्हा तपासल्या तेव्हा रेसर्पीनने औदासीन्य येते हा पुरावा वाटला होता तितका बळकट नाही असे आढळले. डेव्हिस आणि शेफर्ड ह्यांचा निष्कर्ष तर त्याच्या विरुद्धच जात होता. परंतु तोवर औषध मनोवैद्यकातून मागे पडले होते आणि तर्क मात्र पुढे निघून गेला होता. त्याच तर्काच्या वाटेवर, सेरोटोनिन टिकवून धरणाऱ्या द्रव्यांचा शोध करता करता, १९८७ साली फ्लुओक्सेटीनास अमेरिकेत मान्यता मिळाली. तेव्हा सर्पगंधा स्वतः चिंतेचे औषध म्हणून टिकली नाही. पण आज चिंतेवर जी औषधे प्रथम दिली जातात, त्यांच्या शोधाची वाट तिने दाखविली. ह्या औषधांनी गुण का येतो ह्याचे पुरे उत्तर अद्याप मिळालेले नाही आणि ‘एक द्रव्य कमी पडले’ हे जुने स्पष्टीकरण आता अपुरे ठरले आहे, एवढे मात्र ध्यानात ठेवावे.

ह्या प्रवासात झुडपाचे काय झाले? मुळासाठीच वनस्पती उपटावी लागत असल्यामुळे मागणी वाढताच ती वनांतून झपाट्याने उणी झाली, आणि १९९० साली वन्य जीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरील करारात तिचे नाव नियंत्रित वनस्पतींच्या यादीत घालावे लागले. येथे एक इशारा देणे अगत्याचे आहे. घरी मूळ उगाळून वा काढा करून चिंतेवर घेण्याचा मोह कोणी धरू नये. मुळातील द्रव्याचे प्रमाण दर झाडागणिक निराळे असते, रक्तदाब धोकादायक रीतीने उतरू शकतो आणि इतर औषधांशी त्याचा विरोध होतो.

ह्या वाटेला समांतर अशी दुसरी एक वाट होती. ती मनास तत्काळ शांत करणाऱ्या औषधांची. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ब्रोमाइडे आली. त्यांच्या अतिसेवनाने बुद्धीच गुंगू लागली. १९०३ साली जर्मनीत बार्बिटल आणि १९१२ साली फेनोबार्बिटल आले. ह्या वर्गाच्या औषधांत गुणाची मात्रा आणि प्राण घेणारी मात्रा ह्यांत अंतर फार थोडे. १९५५ साली अमेरिकेत मेप्रोबामेट आले आणि निर्धोक म्हणून त्याचा गवगवा झाला. काही वर्षांतच त्याचेही व्यसन लागते असे दिसले. मग रोश कंपनीच्या लिओ स्टर्नबाख ह्यांनी शोधलेले क्लोरडायझेपॉक्साइड १९६० साली व डायझेपाम १९६३ साली बाजारात आले. हा बेंझोडायझेपीनांचा वर्ग. अल्प्राझोलाम, लोराझेपाम, क्लोनाझेपाम ही त्यांचीच भावंडे. बार्बिटलापेक्षा ही पुष्कळच सुरक्षित, आणि गुण अर्ध्या-एक तासात येतो. म्हणूनच डायझेपाम हे अनेक वर्षे अमेरिकेतील सर्वाधिक खपाचे औषध होते. परंतु ह्यांचेही कार्य मद्याप्रमाणेच गॅबाच्या द्वारा होते. काही आठवडे रोज घेतली की शरीर त्यांस सरावते, मात्रा वाढवावी लागते, आणि एकदम बंद केल्यास मूळची चिंता दुप्पट होऊन परतते, प्रसंगी झटकेही येतात. दारूबरोबर घेतल्यास श्वास मंदावून प्राणावर बेतते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली दिलेल्या मार्गदर्शनात सततच्या चिंतेवर किंवा भयाच्या झटक्यांवर उपचार म्हणून ही औषधे देऊ नयेत असे सांगितले आहे. अत्यंत निकडीच्या प्रसंगी, तेही अगदी थोडे दिवस, एवढीच त्यांस मोकळीक.

तिसरी वाट अनपेक्षितपणे सापडली. १९५७ साली स्वित्झर्लंडमध्ये रोलांड कून ह्यांनी औदासीन्यावर इमिप्रामीनचा गुण दाखविला. पुढे अमेरिकेत डोनाल्ड क्लाईन ह्यांच्या ध्यानात आले की भयाचे झटके येणाऱ्या रोग्यांचे झटके ह्याच औषधाने थांबतात. औदासीन्याचे औषध चिंतेवर चालते हा शोध तो हाच. आज ह्या वाटेवरील प्रमुख औषधे म्हणजे सेरोटोनिन टिकविणारा वर्ग: सर्ट्रालीन, एस्सिटालोप्राम, फ्लुओक्सेटीन, पॅरोक्सेटीन इत्यादी. त्यांच्या जोडीस व्हेन्लाफॅक्सीन आणि ड्युलोक्सेटीन ही आणखी दोन. ह्यांची सवय लागून मात्रा वाढवीत जावी लागत नाही, परंतु ह्यांस धीर लागतो. पहिल्या आठवड्यात मळमळ, डोकेदुखी आणि क्वचित अस्वस्थतेत वाढ होते. गुण दिसावयास दोन ते सहा आठवडे लागतात. गुण आल्यावरही सहा महिने ते वर्षभर औषध चालू ठेवावे लागते. आणि थांबवावयाचे ते हळूहळू मात्रा उतरवीतच. पंचविशीच्या आतील रोग्यांत आरंभी आत्मघाताचे विचार बळावत नाहीत ना ह्यावर लक्ष ठेवावे लागते. १९८६ साली आलेले बस्पिरोन सततच्या काळजीवर काहींस उपयोगी पडते व त्याचे व्यसन लागत नाही. प्रोप्रानोलॉल हे मूळचे हृदयाचे औषध. सभेपूर्वीची धडधड आणि थरथर त्याने आवरते, पण दमेकऱ्यास ते वर्ज्य आहे. आणि कोणतीही गोळी लिहिण्यापूर्वी धडधड मनाचीच आहे ना, हे पाहिले पाहिजे. पंडुरोग, कंठग्रंथीचा विकार आणि ह्या भागातील आदिवासी समाजांत आढळणारा सिकलसेल, ह्यांनीही छाती धडधडते व दम लागतो.

ह्या तीन वाटांचा इतिहास एकत्र पाहिला म्हणजे एक गोष्ट मनावर ठसते. प्रत्येक नवे औषध निर्धोक म्हणून आले. प्रत्येकाची किंमत पाच-दहा वर्षांनी कळली. आणि प्रत्येक वेळी अनर्थ झाला तो औषधाच्या दोषाने जितका, तितकाच ते देऊन मागे लक्ष न ठेवल्याने. जे तत्काळ सुख देते त्यास कोणी पाठपुरावा करावा लागत नाही. रोगी आपण होऊन परत मागावयास येतो. जे सावकाश बरे करते त्यास मात्र सहा आठवडे कोणीतरी हात धरून चालवावे लागते. आणि नेमके हेच अरण्यात दुर्मिळ आहे.

नागपूरचे वेड्यांचे इस्पितळ १८६४ साली उघडले. चांद्याच्या रोग्यास तेच जवळचे, आणि तेही फक्त अनावर झालेल्या रोग्यास. १८५८ आणि १९१२ सालच्या कायद्यांचा सारा रोख वेड्यास कोंडावे कसे आणि कोणाच्या हुकमाने ह्यावर होता. आपल्या घरी मुकाट्याने कापणाऱ्या माणसाचा त्यांत विचारच नव्हता. १९९६ साली सुरू झालेल्या जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाने दृष्टी बदलली, आणि २०१७ सालच्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने उपचार हा हक्क ठरविला. आवश्यक औषधांच्या यादीतील मनोविकारांची औषधे सरकारी रुग्णालयांत विनामूल्य मिळावीत असेही त्या कायद्यात आहे. मात्र ती सामुदायिक आरोग्य केंद्रापासून वरच्या पायरीवर. त्याखालचे प्राथमिक आरोग्य केंद्र, जे गावकऱ्यास त्यातल्या त्यात जवळचे, ते ह्या वचनाच्या बाहेर राहिले. भामरागडकडच्या दूरच्या पाड्यावरील माणसास तालुक्याचे गाव गाठणे म्हणजे एका दिवसाची मजुरी गमावणे. आणि पावसाळ्यात पर्लकोटेस पूर आला की भामरागडचा मार्गच बंद पडतो. जी गोळी मध्येच सोडू नये, ती पूर ओसरेपर्यंत कोठून आणावयाची?

अशा स्थितीत दुकानातून मिळणारी झोपेची गोळी हाच सुलभ मार्ग होऊन बसतो. २०१४ पासून अंमलात आलेल्या एच-वन अनुसूचीप्रमाणे अल्प्राझोलाम, डायझेपाम आदी औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीविना विकता येत नाहीत आणि विक्रीची नोंद दुकानदारास तीन वर्षे जपून ठेवावी लागते. कायदा योग्य आहे. परंतु चांगला पर्याय जवळ आणल्यावाचून वाईट पर्यायाचे दार नुसते लावून घेतले तर माणूस तिसऱ्या दाराने जातो, आणि ह्या प्रदेशात ते तिसरे दार मोहाच्या भट्टीचे आहे.

येथे काही विचारवंत असा आक्षेप घेतात की अरण्यातील माणसाची चिंता ही दारिद्र्याची, वाघाची, बंदुकीची आणि जमिनीच्या पट्ट्याची चिंता आहे. तीवर गोळी देणे म्हणजे अन्यायावर पांघरूण घालणे होय. ह्या आक्षेपात तथ्य आहे. ज्याचा माणूस वाघाने नेला त्यास भरपाई आणि निर्धास्त रस्ता पाहिजे, नुसते सर्ट्रालीन नव्हे. परंतु कारण बाहेरचे असले म्हणून आतला विकार खोटा ठरत नाही. दूषित पाण्याने पटकी झालेल्या रोग्यास कोणी शुद्ध पाण्याचा नळ येईपर्यंत थांब असे सांगत नाही. दोन्ही कामे एकाच वेळी करावयाची असतात.

शिवाय औषध म्हणजे केवळ गोळी नव्हे. भयाच्या विचारांची उलटतपासणी करणे, ज्या गोष्टीची धास्ती तिला थोडेथोडे करून सामोरे जाणे, श्वास संथ करणे, ह्या संभाषणोपचाराचा गुण गोळीच्या बरोबरीने येतो व पुष्कळदा अधिक टिकतो. चरकाचा सत्त्वावजय ह्याहून फार दूरचा नव्हे. आणि त्यासाठी मोठा पदवीधरच पाहिजे असेही नाही. गोव्यात संगाथ संस्थेने २४ दवाखान्यांत केलेल्या प्रयोगात, थोडे शिक्षण दिलेल्या सामान्य समुपदेशकांनी चिंता व औदासीन्याच्या रोग्यांस आधार दिला. गरज लागल्यास डॉक्टर गोळी देत. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षाप्रमाणे सरकारी केंद्रांत अशा रीतीने ६५.९ टक्के रोगी सहा महिन्यांत सावरले, तर नेहमीच्या उपचाराने ४२.५ टक्के. खासगी दवाखान्यांत असा फरक दिसला नाही, कारण तेथे आपल्याच डॉक्टराशी रोग्याचा संबंध आधीपासून टिकून असावा, असे अनुमान निघते. विदर्भातच अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत झालेल्या ‘विश्राम’ कार्यक्रमाने औदासीन्यावर उपचार घेणाऱ्यांचे प्रमाण दीड वर्षात ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर नेले.

ह्याहूनही जवळचा दाखला गडचिरोलीतच आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग ह्यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांतील स्त्रियांस नवजात बालकांची शुश्रूषा शिकविली. न्यूमोनिया व जंतुदोष ओळखून औषध देण्याचे कामही त्या करू लागल्या. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालाप्रमाणे तिसऱ्या वर्षी नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. अक्षरओळखीपुरते शिकलेली गावची बाई हे करू शकेल ह्यावर प्रथम मोठमोठ्या तज्ज्ञांचा विश्वास बसला नव्हता. जी बाई एका दिवसाच्या बालकाचा श्वास मोजू शकते, तिला गोळी सुरू केलेल्या शेजाऱ्याकडे आठवड्यातून एकदा जाऊन मळमळ गेली का, झोप आली का, दारू सुटली का, गोळ्या पुरापर्यंत पुरतील का, एवढे विचारणे अशक्य नाही. निदान करणे आणि औषध लिहिणे हे काम डॉक्टरांचेच. पण औषध आणि रोगी ह्यांमधील ते सहा आठवड्यांचे अंतर भरून काढणे हे काम गावातीलच माणसाचे आहे.

सर्पगंधेच्या कथेचे तात्पर्य आम्हांस असे वाटते. मूळ येथून गेले, त्याचे सत्त्व बाझलला निघाले, परीक्षा लंडनला झाली, त्यातून उठलेल्या प्रश्नाचे फळ अमेरिकेत आले. आणि ते फळ स्वस्त गोळीच्या रूपाने आज पुन्हा चंद्रपूरच्या औषधभांडारात येऊन पडले आहे. एवढा लांबचा प्रवास पुरा झाला आहे. राहिले आहेत ते शेवटचे वीस-पंचवीस कोस, औषधभांडारापासून पाड्यापर्यंतचे. आणि ते कोणत्याही प्रयोगशाळेने चालावयाचे नसून आपल्या आरोग्यव्यवस्थेने चालावयाचे आहेत.